विमानांचा आणि चालींचा चरित्रकार

एडवर्ड जाब्लॉन्स्की (१९२२–२००४) या अमेरिकन लेखकाचं नाव मराठी वाचकांच्या फारसं कानावर नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं, कारण हा माणूस जन्मभर मुख्यतः दोनच विषयांवर लिहीत राहिला आणि त्या दोन विषयांचा एकमेकांशी सुतराम संबंध दिसत नाही. एक विषय लोकप्रिय गाण्यांच्या संगीतकारांचा. त्यात जॉर्ज गर्श्विन, हॅरॉल्ड आर्लन, अर्व्हिंग बर्लिन ही माणसं. दुसरा विषय युद्धातल्या विमानांचा. १९६१ साली त्याचं आर्लनचं चरित्र आलं. १९६५ साली बी-१७ या बॉम्बर विमानावरचं ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ आलं. १९७१ साली दुसऱ्या महायुद्धातल्या हवाई लढायांवरचं ‘एअरवॉर’ आणि १९८७ साली ‘गर्श्विन’. तो स्वतः वैमानिकही नव्हता आणि संगीतकारही नव्हता.

हे दोन्ही विषय मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचे आहेत. हवाई दलात आपली माणसं पहिल्यापासून आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आकाशात लढलेल्या मोजक्या हिंदी वैमानिकांपैकी एक, श्रीकृष्ण वेलिणकर, मुंबईचे होते आणि जून १९१८ मध्ये विमान पडून त्यांचा अंत झाला. बर्मा आघाडीवर लढून पुढे १९७६ मध्ये हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर मराठी होते. आणि गाण्यांबद्दल तर काय सांगायचं? वसंत देसाई, सी. रामचंद्र, सुधीर फडके यांच्यावर आपण जेवणं थांबवून भांडतो. तरीही या दोन्ही विषयांवर आपण लिहितो ते बहुतेक एकाच तऱ्हेनं. एकीकडे शौर्य, दुसरीकडे आठवणी.

रत्नागिरीत या प्रश्नावर बोलायला मला दोन माणसं मिळाली. अण्णा हवाई दलात इंजिन फिटर होते. आता मिरजोळ्याच्या बाजूला राहतात. धावपट्टीवरून तटरक्षक दलाचं विमान उठलं की बोलणं थांबवून आधी इंजिनाचा आवाज ऐकून घेतात. बाईंनी शाळेत संगीत शिकवलं आणि संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली. दोघंही जिल्हा नगर वाचनालयाचे जुने सभासद. १८२८ पासून चालत आलेल्या त्या वाचनालयात पुस्तकावरून हुज्जत घालायची रीत अजून टिकून आहे. जाब्लॉन्स्कीची हकिगत मी दोघांना सांगितली आणि अण्णांच्या पडवीत, बाहेर पागोळ्या गळत असताना, हे बोलणं झालं.

बाई: मला खटकतं ते आधी सांगून टाकते. ज्याचा जीव गाण्यात गुंतलाय, तो माणूस बॉम्ब टाकणाऱ्या विमानांवर पुस्तकं लिहितो कशी? गाण्याची आवड माणसाला काही शिकवते असं मी जन्मभर मुलांना सांगत आले.

अण्णा: बाई, विमानाची आरती ओवाळणारी पुस्तकं असतात. ह्याचं तसं नाही. ह्यानं १९७४ मध्ये एका दिवसावर आख्खं पुस्तक लिहिलंय. १७ ऑगस्ट १९४३. त्या दिवशी काय झालं ते ऐका. अमेरिकेच्या विमानांना जर्मनीतली दोन ठिकाणं गाठायची होती. रेगेन्सबुर्गला मेसरश्मिट विमानांचा कारखाना आणि श्वाइनफुर्टला बॉल बेअरिंगचे कारखाने. बेत असा, की दोन ताफे एकापाठोपाठ जातील, म्हणजे जर्मनांची लढाऊ विमानं विभागली जातील. पहिला ताफा बॉम्ब टाकून परत फिरणार नव्हता, तसाच पुढे आफ्रिकेत उतरणार होता.

बाई: बरं, मग?

अण्णा: सकाळी इंग्लंडवर धुकं पडलं. आफ्रिकेत उजेड असेतो उतरायचं, म्हणून पहिला ताफा उशिरा का होईना, निघाला. दुसरा जमिनीवरच थांबला आणि काही तासांनी उठला. तेवढ्या वेळात जर्मन विमानं खाली उतरली, त्यांनी पेट्रोल भरलं, गोळ्या भरल्या आणि दुसऱ्या ताफ्यासाठी पुन्हा वर आली. दोन्ही मिळून ३७६ बॉम्बर गेले, ६० परत आले नाहीत. एका विमानात दहा माणसं. आता मला सांगा, धुकं किती वाजता उठलं आणि पेट्रोल भरायला किती वेळ लागतो, हे न सांगता त्या सहाशे माणसांचं काय झालं ते कसं कळणार? आपल्याकडे लिहितात, वीर झेपावले, त्यांनी प्राण अर्पण केले. अहो, ते धुक्यानं आणि वेळापत्रकानं गेले. ते लिहा ना!

बाई: आणि खाली?

अण्णा: खाली म्हणजे?

बाई: कारखान्याच्या आजूबाजूला गाव असेल की नाही? तुम्ही विमानातली दहा दहा माणसं मोजलीत. खालच्यांचा हिशेब कोण ठेवणार?

अण्णा थांबले. मग म्हणाले, “गाव होतं. आणि बॉम्ब नेमका कारखान्यावर पडतो असं नसतं, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे.”

इथे बाईंचं म्हणणं मला पूर्ण पटलं. हवाई युद्धाच्या लेखनातली ही जुनी खोट आहे. कथा नेहमी वरून सांगितली जाते. पण त्यावर उपाय कमी नोंदींचा नाही, जास्त नोंदींचा आहे. धुक्याची वेळ लिहिणाऱ्यालाच खालच्या गल्लीचं नाव विचारता येतं. ‘वीर झेपावले’ लिहिणाऱ्याला तो प्रश्न सुचतच नाही.

बाईंनी मग मोहरा वळवला.

बाई: विमानाचं एक वेळ मान्य करते. यंत्राचं सगळं मोजता येतं. चालीचं काय मोजणार? संगीतकाराच्या चरित्रात शेवटी किस्सेच उरतात. कोणाचं कोणाशी वाकडं, कोणी कोणाला किती वाट बघायला लावली.

मी त्यांना बर्लिनची गोष्ट सांगितली. अर्व्हिंग बर्लिन १०१ वर्षं जगला, १९८९ मध्ये गेला. अमेरिकेतल्या घराघरांत त्याची गाणी. पण त्याला स्वरलेखन येत नव्हतं आणि पियानोवर तो बहुतेक एकाच पट्टीत वाजवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर काळी तीन. बोटं काळ्या पट्ट्यांवर बसलेली, तेवढीच. दुसऱ्या पट्टीत ऐकायचं असेल तर त्याच्या पियानोला एक दांडा होता. तो सरकवला की आतली यंत्रणा बाजूला सरकायची, बोटं तिथेच आणि आवाज दुसऱ्या पट्टीचा. चाल झाली की स्वरलेखन करायला माणूस ठेवलेला.

बाई: थांबा, थांबा. म्हणजे आपली स्केल चेंजर पेटी!

बाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्यांनी हवेतच दोन्ही हात पेटीवर ठेवल्यासारखे धरले. “अहो, सुरांची पाटी सरकवायची आणि बोटं आपल्या सवयीच्या जागी ठेवायची. गायक पांढरी दोन मागो की काळी पाच, वाजवणारा आपल्या घरात. पण याचा परिणाम होतो बरं का. काळ्या पट्ट्या उंच असतात. बोट त्यांच्यावरून घसरून खालच्या पांढरीवर सहज येतं, उलटं जाताना मात्र उचलावं लागतं. जो माणूस काळी तीनमध्येच वाजवतो, त्याच्या हाताला काही वळणं सोपी पडणार, काही अवघड. त्याच्या चालींत ते कुठेतरी उतरलं असणार.”

अण्णा: झालं की मग! हे किस्सा आहे का नोंद?

बाई: ही नोंद आहे. पण ती नोंद आहे हे कळायला पेटीवर बसलेलं माणूस लागतं. तुमचा जाब्लॉन्स्की बसला होता का?

प्रश्न रास्त होता. जाब्लॉन्स्की पियानोवादक म्हणून कुणाला माहीत नाही. पण तो नुसता गाण्यांवर खूश असलेला श्रोताही नव्हता. तरुणपणीच त्याचा आयरा गर्श्विनशी पत्रव्यवहार सुरू झाला. आयरा म्हणजे जॉर्जचा थोरला भाऊ, त्याच्या गाण्यांचा गीतकार. जॉर्ज १९३७ मध्ये ३८ व्या वर्षी मेंदूतल्या गाठीनं गेला आणि पुढची कितीतरी दशकं भावाचे कागद आयरानं जपले. त्या कागदांपर्यंत जाब्लॉन्स्की पोचला. आर्लनशी त्याची मैत्री होती. १९५० च्या दशकात त्यानं आणि त्याच्या पत्नीनं वॉल्डन नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी चालवली आणि या संगीतकारांची मागे पडलेली गाणी नव्यानं गाऊन घेऊन काढली. गाणं निवडायचं, गायक शोधायचा, वादक जमवायचे, पदरचे पैसे घालायचे. लेखन त्या कामाबरोबरच चालू होतं.

बाई: मग तो बाहेरचा नव्हता म्हणा. स्टुडिओत उभा राहिलेला माणूस होता. माझी हरकत एवढ्यापुरती मागे.

अण्णा: आता मला बोलू द्या. वसंत देसाई आपले. कुडाळकडच्या सोनवड्याचे, जन्म १९१२. तेव्हा ते सावंतवाडी संस्थान, पुढे आपला रत्नागिरी जिल्हा, १९८१ पासून सिंधुदुर्ग. बाई, त्यांच्याबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे?

बाई: सगळं! प्रभातमध्ये उमेदवारी, मग शांतारामबापूंबरोबर राजकमल. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा. सोलापूरचा डॉक्टर चीनच्या युद्धात जखमींची सेवा करता करता गेला, त्याच्यावरचा. ‘अमर भूपाळी’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘दो आँखें बारह हाथ’. त्यातली प्रार्थना आज किती शाळांत म्हणतात त्याला गणती नाही. ‘गूँज उठी शहनाई’त खुद्द बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. ‘गुड्डी’त वाणी जयरामचं हिंदीतलं पदार्पण, १९७१. रंगभूमीवर गोखल्यांचं ‘पंडितराज जगन्नाथ’. १९६६ मध्ये एम. एस. सुब्बलक्ष्मी संयुक्त राष्ट्रसंघात जी संस्कृत मैत्रीची प्रार्थना गायल्या, तिची चाल देसाईंची. आणि डिसेंबर १९७५ मध्ये लिफ्टच्या अपघातात गेले.

अण्णा: वा. आता सांगा, ‘अमर भूपाळी’तल्या त्या भूपाळीला बासरी कोणी वाजवली?

बाई गप्प.

अण्णा: रेकॉर्डिंग कुठल्या खोलीत झालं? माइक किती होते? लताबाई आणि पंडितराव नगरकर एकाच माइकवर होते का? चाल बापूंनी पहिल्यांदा ऐकून मान्य केली, की फिरवायला लावली?

बाई: हे मला कसं माहीत असणार, अण्णा?

अण्णा: तेच म्हणतो मी! तुम्हाला माहीत नाही म्हणजे कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे बघा. विमान उडण्याआधी फॉर्म ७०० असतो. इंजिनवाल्यानं इंजिन तपासलं की त्याची सही. एअरफ्रेमवाल्याची सही, इलेक्ट्रिशियनची, शस्त्रवाल्याची. सगळ्यांच्या खाली वैमानिकाची, की विमान मी ताब्यात घेतलं. काही बिघडलं तर कोणाचा हात कुठे लागला होता ते कळतं. काही बिघडलं नाही तरी नाव राहतं. १९७१ मध्ये जी विमानं गेली आणि आली, त्यांच्या फॉर्मवर आमच्या सह्या होत्या. तुमच्या गाण्याच्या तबकडीवर कोणाची सही असते?

बाई: तबकडीचं काढलंत म्हणून सांगते. ‘महल’, १९४९. खेमचंद प्रकाशांचं संगीत. त्यातल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलं होतं? कामिनी! सिनेमातल्या पात्राचं. गाणारी लता मंगेशकर, आणि लोक रेडिओला पत्रं लिहून विचारतायत, ही कोण गाते म्हणून. जिच्या गळ्यातून गाणं निघालं तिचं नाव नाही, तिथे बासरीवाल्याचं कुठून असणार?

म्हणजे आपल्याच उदाहरणानं बाई अण्णांच्या बाजूला आल्या होत्या. ते त्यांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्या लगेच उठून बसल्या.

बाई: पण मला भीती वेगळी आहे. नावांची यादी वाढवत गेलं की मूळ माणूस दिसेनासा होतो. अ‍ॅरेंजर कोण, व्हायोलिनवाले किती, ट्रम्पेट कोणाचा. सगळं खरं. पण चाल एकालाच सुचते. त्या क्षणी खोलीत दुसरं कोणी नसतं.

इथे मला राहवलं नाही. गर्श्विनचं १९२४ मधलं ‘र्‍हॅप्सडी इन ब्लू’ आज जगभर वाजतं, पण पहिल्या प्रयोगासाठी वाद्यवृंदात त्याची मांडणी फर्डी ग्रोफे यानं केली होती. हे सांगितल्यानं गर्श्विन लहान झाला नाही. उलट चोवीस-पंचवीस वर्षांचा तो पोरगा नेमकं काय करत होता आणि काय त्याला अजून येत नव्हतं, हे कळल्यावर पुढे ‘पोर्गी अँड बेस’चं वाद्यलेखन त्यानं स्वतः केलं, त्यातली मेहनत दिसायला लागते.

आपल्याकडचं उदाहरण आणखी जवळचं आहे. सी. रामचंद्र म्हणजे पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हिंदी गाण्यात जो पाश्चात्त्य झोक आणला, तो आभाळातून पडला नव्हता. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ युद्धाच्या आधीपासूनच वाजत होतं. दुसऱ्या महायुद्धात तिथे दोस्त सैन्याचे शिपाई आले आणि त्या संगीताला नवी मागणी आली. ते वाजवणारे बरेचसे गोव्याचे. त्यांतला एक आन्तोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा. मुंबईत त्याला चिक चॉकलेट म्हणायचे. ताजमध्ये त्याचा बँड वाजायचा आणि १९५१ च्या ‘अलबेला’त तो सी. रामचंद्रांबरोबर होता. पडद्यावरही त्याचा बँड दिसतो. म्हणजे मास्टर भगवान ज्या तालावर नाचतात, त्याच्यामागे हळदोण्याचं घर आहे, ताजचा डान्स फ्लोअर आहे आणि महायुद्धही आहे. हे कळल्यावर ‘अलबेला’ कमी गोड लागतो का?

बाई: नाही लागत. पण हे तुम्हाला कळलं कुठून?

खरं उत्तर द्यावं लागलं. इंग्रजीतून. मुंबईच्या जॅझवर नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ २०१२ मध्ये आलं. चित्रपट स्टुडिओतल्या वादकांच्या मुलाखती घेत फिरणारा ग्रेगरी बूथ न्यूझीलंडच्या विद्यापीठात शिकवत होता. त्याचं ‘बिहाइंड द कर्टन’ २००८ चं. वादक दादरला, बांद्र्याला, माहीमला राहत होते. आपण त्याच फलाटावरून लोकल पकडत होतो.

अण्णांनी मांडीवर थाप मारली.

अण्णा: विमानांचंही तेच! दिलीप परुळकरांची गोष्ट घ्या. १९६५ मध्ये खांद्यात गोळी घेऊन विमान परत आणणारा माणूस. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचं सुखोई-७ पाडलं गेलं आणि ते रावळपिंडीच्या कैदेत गेले. ऑगस्ट ७२ मध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांना बरोबर घेऊन कोठडीची भिंत फोडून बाहेर पडले. पेशावर गाठलं. पुढे अफगाण सरहद्दीच्या दिशेनं लंडी कोतलपर्यंत गेले. आणि तिथे कशानं अडकले? वाट विचारताना त्यांनी लंडी खाना या स्टेशनाचं नाव घेतलं. नकाशावर होतं ते. पण ते स्टेशन १९३२ पासून बंद! चाळीस वर्षं बंद पडलेल्या स्टेशनाला कोण जायला निघेल? लोकांना संशय आला आणि पकडले गेले. सरहद्द चार मैलांवर.

बाई: अगं बाई! जुन्या नकाशानं घात केला.

अण्णा: केला. आता परुळकरांचं स्वतःचं मराठी पुस्तक आहे, ते मी वाचलंय, चांगलं आहे. पण पळालेल्या तिघांची, मागे राहून त्यांना मदत केलेल्यांची, घरी वाट बघणाऱ्यांची अशी सगळी गोष्ट एकत्र कोणी बांधली? फेथ जॉन्स्टन या कॅनडातल्या बाईंनी, ‘फोर माइल्स टु फ्रीडम’मध्ये, २०१३ साली. परुळकर पुण्यात राहत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये गेले. त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर किती मराठी लेखक राहत असतील!

बाई: पण स्वतःचं पुस्तक वेगळंच असतं, अण्णा. ते तुम्ही इतक्या सहज बाजूला सारू नका. सी. रामचंद्रांचं ‘माझ्या जीवनाची सरगम’ घ्या. बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं ‘जगाच्या पाठीवर’ घ्या. पोटात अन्न नाही, डोक्यावर छप्पर नाही, गावोगाव भटकणारा तो तरुण मुलगा. बाबूजींच्या गाण्यात शब्द इतका जपलेला का असतो, हे मला ते पुस्तक वाचून समजलं. कुठल्या तुमच्या फॉर्मवर भुकेची सही असते?

अण्णा: आठवण फसवते, बाई. माणूस आपल्याला हवं ते आठवतो.

बाई: फसवत असेल. पण कुठे फसवते, त्यावरून माणूस कळतो. नोंद खरं सांगते, पण माणसाला काय वाटलं ते तिच्यात नसतं. तारखा चुकल्या तर तुमचा जाब्लॉन्स्की दुरुस्त करील. बाबूजींनीच लिहिलं नसतं तर तो काय दुरुस्त करणार होता?

या मुद्द्यावर अण्णांना उत्तर सुचलं नाही, आणि मलाही ते द्यावंसं वाटत नाही. आत्मचरित्र हा मराठीचा अभिमानाचा प्रांत आहे. नडतं ते एवढंच, की आत्मचरित्र झालं म्हणजे विषय संपला असं आपण धरून चालतो. त्यानंतर दुसऱ्या माणसानं जाऊन चार कपाटं उघडायची असतात.

चहा आला. बाई बराच वेळ कपाकडे बघत होत्या आणि मग त्यांनी जे काढलं, त्याची अपेक्षा मला नव्हती.

बाई: तुम्ही दोन्ही विषय इतके वेगळे मानता, तसे ते आहेत का हो? ग्लेन मिलर हा केवढा मोठा बँडवाला. १५ डिसेंबर १९४४ ला इंग्लंडहून पॅरिसला वादकांच्या आधी निघाला, छोट्या विमानातून. विमान इंग्लिश खाडीवर कुठे गेलं ते आजतागायत कळलं नाही. आणि आपल्याकडे २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम. प्रदीपजींचे शब्द, सी. रामचंद्रांची चाल, लताबाईंचा आवाज, समोर पंडितजी. चीनच्या युद्धाचं दुःख आख्ख्या देशानं त्या एका गाण्यात साठवून ठेवलंय. साठ वर्षं झाली, अजून ऐकवत नाही. अण्णा, युद्धाची याहून मोठी नोंद कोणती?

अण्णा: ते गाणं लागलं की मीही उभा राहतो. पण त्या गाण्यात काय नाही ते सांगू? त्या युद्धात आपली लढाऊ विमानं वापरलीच नाहीत. का नाही, यावर अजून वाद चालतात. पण वाहतुकीची विमानं आणि हेलिकॉप्टरं रोज उडत होती. लडाखला आणि तिकडे नेफात रसद टाकायची, जखमी आणायचे. हवा विरळ, धावपट्ट्या तोकड्या, इंजिनाला थंडीत सुरू करणं म्हणजे दिव्य. माझे सीनियर त्यात होते. ते पहाटे कसं इंजिन गरम करायचे ते सांगायचे. त्या फेऱ्यांवर गाणं नाही. आणि मराठीत पुस्तकही माझ्या वाचनात आलेलं नाही. सीनियर आता राहिले नाहीत.

बाई: तुम्ही लिहून का ठेवलं नाही?

अण्णा: मला कोणी विचारलं नाही.

जाब्लॉन्स्कीचं मोठेपण मला नेमकं इथे दिसतं. तो विचारायला गेला. आर्लन हयात असताना, १९६१ मध्येच, त्यानं त्याचं चरित्र लिहिलं. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधलं आर्लनचं इंद्रधनुष्याचं गाणं अमेरिकेतलं लहान पोर गुणगुणायचं, पण त्याच्या कर्त्याचं नाव विचारलं तर मोठी माणसंही अडखळायची. तेच गाणं १९३९ मध्ये स्टुडिओवाल्यांनी सिनेमातून काढून टाकायला घेतलं होतं, चित्रपट लांबतो म्हणून. अशी गोष्ट सांगणारी माणसं जिवंत असतात तोवरच ती पुरती सांगता येते. बॉम्बर विमानांवरची त्याची पुस्तकंही युद्धात उडालेली माणसं चाळिशी-पन्नाशीत असताना आली.

रत्नागिरीत तर अजून माणसं आहेत. सावरकर नाट्यगृहात संगीत नाटक स्पर्धेच्या दिवसांत विंगेत जाऊन उभं राहिलं, तर कुठल्या नाट्यपदाला मूळ संचात ऑर्गनवर कोण होतं, तबल्याचा ठेका कोणी बदलला, हे तोंडपाठ सांगणारे दोन-चार जण हमखास भेटतात. आमच्या आकाशवाणी केंद्रावर गाऊन-वाजवून गेलेले कलाकार आहेत. हवाई दलातून, नौदलातून परतलेले फिटर, रेडिओवाले, स्वयंपाकी तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांच्याकडे कोणी वही घेऊन जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी तसं म्हणालो तेव्हा दोघांनीही माझ्याकडे बघितलं आणि मग आपापसात पुन्हा जुंपली.

बाई: देसाईंवर लिहायचं तर मी सोनवड्यापासून सुरुवात करीन. त्या मुलखात दशावताराची पेटी आणि पखवाज कानावर पडल्याशिवाय पोर मोठं होत नाही. त्यातलं त्यांच्या चालीत काय आलं, ते आधी वाजवून बघायला हवं. ‘पंडितराज’ची पदं मी कितीदा वाजवली आहेत. काही ठिकाणी बोट आपोआप दशावताराच्या पेटीसारखं जातं असं मला नेहमी वाटत आलंय.

अण्णा: वाटत आलंय हे लिहून चालणार नाही. आधी कुठलं पद कधी बसवलं, पहिल्या प्रयोगाला कोण साथीला होतं, ते पक्कं करा. मग बोटाचं बघू. आणि साथीदारांची नावं शेवटी परिशिष्टात ढकलू नका, पहिल्या प्रकरणात घ्या.

बाई: पहिल्या प्रकरणात चाल.

अण्णा: चाल तुमच्या डोक्यात आहे, ती कुठे जात नाही. माणसं जातात.

बाई: माझं डोकं काय कायमचं आहे होय?

सावंतवाडीला एक म्हातारे पेटीवाले आहेत, नव्वदीला टेकलेले, पण हात अजून चालतो. बाई त्यांच्याकडे जायचं कधीपासून म्हणत होत्या. पाऊस ओसरला की जाते, असं त्यांनी जाहीर केलं. अण्णा लगेच म्हणाले, पाऊस ओसरायची वाट कशाला बघता, कोकण रेल्वे चालू आहे, मीही येतो, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं काम माझं.

“या,” बाई म्हणाल्या. “पण गेल्या गेल्या सालं विचारायला बसू नका. आधी मी त्यांना वाजवायला सांगणार.”

“वाजवू देत. मी तोवर पेटी कुठल्या बनावटीची आहे ते लिहून घेईन.”